आठ आण्यांचा चेंडू

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात मॅग्नस इफेक्टचं पान उघडा, तिथे बहुतेक गोल्फचा चेंडू असतोच. फिरता चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला वळवतो आणि स्वतः उलट बाजूला ढकलला जातो. परीक्षेत पाच मार्कांना येतं, आपण आकृती काढतो, बाण दाखवतो आणि विसरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडून डावीकडे वळला तर ड्रॉ, डावीकडून उजवीकडे वळला तर फेड. मोठे खेळाडू यातला एक आकार आपलासा करतात. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक जवळजवळ प्रत्येक फटका ड्रॉने मारायचा, तर अमेरिकेच्या बेन होगनने आपला हाताबाहेर जाणारा हूक सोडून फेड पक्का केला आणि मग जिंकत सुटला.

सगळं ठीक. पण मी मढचा. आमच्या गावात गोल्फची काठी धरलेला माणूस मी अजून पाहिला नाही. आम्ही वाळूत टेनिस बॉलने खेळणारे. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की कुठल्या टोकाने बॉलिंग टाकायची यावरून आमच्यात भांडणं होतात, कारण वाऱ्याच्या तोंडावर फिरकी टाकली की चेंडू जास्त वळतो आणि पटकन खाली बसतो. हे आम्हाला मॅग्नस शिकायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून त्या पानावर कुणा माणसाचा फोटो छापायचा झालाच, तर मी बाळू पालवणकरांचा छापेन.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ चा, धारवाडचा. घराणं कोकणातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. वडील लष्करात, त्यामुळे पोरांचं लहानपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेलं. लष्करी साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत, विठ्ठल खेळायला शिकले. पुढे चारही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. एका घरातून चार! पण पहिली नोकरी खेळायची नव्हतीच. पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडायचं, रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास बाळू पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात लागले. पगार चार रुपये. काम तेच, शिवाय नेट बांधायचं आणि टेनिसच्या कोर्टावर रेघा मारायच्या. तिथल्या एका गोऱ्या मेंबराने त्यांच्या हाती चेंडू दिला आणि हा डावखुरा पोरगा मेंबरांना नेटमध्ये बॉलिंग टाकू लागला. त्यात एक होते कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. नावावरून सगळे त्यांना जंगली म्हणायचे. फलंदाज म्हणून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमध्ये पहिल्या रांगेतले. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि बाळूंसमोर सराव करायचे. बाळूंनी बाद केलं की दर वेळी आठ आणे.

आता हिशोब करा. पगार चार रुपये. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केलं की आणखी एक पगार. हॉस्टेलच्या मेसबिलाची काळजी असणाऱ्या कुणालाही हे गणित कळेल. यातली दुसरी बाजू मात्र मला कायम टोचते. त्या नेटमध्ये बाळूंना बॅट कधी दिली गेली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची आणि चेंडू नेटिवाने टाकायचा, अशी वाटणीच होती. तासन् तास टाकत राहणं एवढंच हाती होतं, तर बाळूंनी त्या टाकण्यातच जेवढं म्हणून होतं तेवढं काढून घेतलं.

काय काढलं ते थोडं तांत्रिक आहे, पण आपल्या मासिकात चालेल. जोरात मारलेल्या गोल्फच्या चेंडूवर उलटी फिरकी असते, त्यामुळे तो हवेत तरंगतो आणि लांब जातो. गंमत म्हणजे बाळू पुण्यात रूळ ओढत होते त्याच दशकात एडिंबरोचे प्रोफेसर टेट याच प्रश्नावर शोधनिबंध लिहीत होते. त्यांचा मुलगा फ्रेडी गोल्फचा नामांकित खेळाडू होता. स्पिनरला नेमकं उलटं हवं असतं. त्याची फिरकी पुढच्या दिशेला झुकलेली असेल तर चेंडू वाटतो त्याच्या आधीच खाली बसतो. फलंदाज पुढे येतो आणि चेंडू काही त्याच्या बॅटपर्यंत पोहोचत नाही. शिवाय डावखुऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजाला हवेत आत येताना दिसतो आणि टप्पा पडल्यावर बाहेर निघतो. गोल्फवाल्याला एकच आकार पुरतो, कारण त्याला कुणाला फसवायचं नसतं, फक्त झेंड्याजवळ पोहोचायचं असतं. ताशी ८० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत एका सेकंदाच्या आत येतो. बाळूंची कमाई तेवढ्या वेळातली. त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या पारशी खेळाडूंनीही नोंदवून ठेवलंय की त्यांचा चेंडू दोन्ही बाजूंना वळायचा, हवेत वळसा घ्यायचा आणि एका षटकात दोन चेंडू सारखे नसायचे. ओल्या खेळपट्टीवर तर विचारूच नका.

ग्रेगला दमवणारा माणूस गावात असताना पुण्याच्या हिंदू संघाला त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवायचं होतं! संघात घ्यायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून प्यायचे आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने तर त्यांची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टी कित्येक दिवस रुळाने दाबून ठेवली होती. बाळूंनी तिथेही सात बळी घेतले.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईला आले, काही काळ लष्करात, मग रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथे वारं थोडं बदललेलं होतं, पुढे जिमखान्यात एकत्र जेवणही सुरू झालं. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या काळी ही बातमी क्रिकेटपुरती राहणं शक्यच नव्हतं.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची धूळधाण उडाली. २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव. पस्तिशीतल्या, खांदा दुखत असलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. लीस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात एकट्याचे ११. परत आल्यावर सत्कार झाले, अस्पृश्य समाजात तर त्यांचं नाव घराघरांत गेलं.

आणि कप्तानपद? ते नाही. १९१३ मध्ये म. द. पई हिंदूंचे कप्तान झाले, तेव्हा हा मान बाळूंचा होता असं त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. पईंना मानलं पाहिजे. १९२० मध्ये पई आजारी पडले तर कप्तानी वयाने कितीतरी लहान असलेल्या खेळाडूकडे गेली आणि बाळूंना संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी निवेदन काढून संघ सोडला. पुढच्या सामन्याला पई परतले, भाऊ परतले, बाळू उपकप्तान झाले. पई मधूनमधून मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघ चांभाराच्या मुलाने चालवला. तेव्हा बाळू ४४ वर्षांचे होते. १९२३ मध्ये विठ्ठल पूर्ण कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. एका भावाने ठोठावलेलं दार दुसऱ्याला उघडलं.

यानंतरचा भाग मला लिहायला जड जातो. बाळू राजकारणात आले. १९३२ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला त्यांचा विरोध होता, आणि पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत तेही आहेत. १९३३ मध्ये हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक हरले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. आमच्या हॉस्टेलमध्ये यावर दोन तट पडले, रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझं मत असं की बाबासाहेब निवडून आले हेच योग्य झालं. पण बाळूंना नुसतं कुणाचं प्यादं म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही. आपण चांगलं खेळत राहिलो की समोरचा हळूहळू बदलतो, हे त्यांनी मातीच्या भांड्यापासून एका पंगतीपर्यंत स्वतः पाहिलं होतं. त्या अनुभवावर त्यांनी जरा जास्तच विश्वास टाकला.

बाळूंनी स्वतःबद्दल पुस्तक लिहिलं नाही. धाकट्या विठ्ठलने १९४८ मध्ये आपलं आत्मचरित्र मराठीत काढलं. ४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू वारले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. भारत पहिली कसोटी लॉर्ड्सवर खेळला तेव्हा १९३२ साल होतं, आणि बाळू ५६ वर्षांचे होते.