मोझार्ट : क्लॅरिनेटला गाता गळा देणारा संगीतकार



ढोकी परिसरात क्लॅरिनेट कोणाला नवीन नाही. लग्नाच्या वरातीत बँडच्या पुढे चालत जो वादक काळ्या लांब वाद्यावर गाण्याची चाल वाजवतो, त्याच्या हातातले वाद्य म्हणजेच क्लॅरिनेट. आपल्या मुलांपैकी कोणी ते शिकू लागले की दोन-तीन वर्षांत बोटे बसतात, चार भक्तिगीते आणि दहा चित्रपटगीते वाजवता येतात. मग मात्र गाडी अडते. वेगवान तुकडे जमत नाहीत आणि सोप्या चालींनी मन भरत नाही. अशा वेळी सोपे असूनही सुंदर असे काय वाजवावे? ज्यांनी या वाद्यावर मनापासून प्रेम केले, त्या वोल्फगांग मोझार्ट यांच्या जीवनातच या प्रश्नाचे उत्तर सापडते.

मोझार्ट यांचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी आजच्या ऑस्ट्रियातील साल्झबर्ग शहरात झाला. त्या काळी तो दिवस संत योहान क्रिझोस्तोम यांच्या सणाचा होता. दुसऱ्याच दिवशी तेथील कॅथेड्रलमध्ये बाळाचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला त्या संताचेही नाव मिळाले. वडील लिओपोल्ड हे व्हायोलिनवादक व संगीताचे शिक्षक. त्यांना सात मुले झाली; जगली दोनच, थोरली नानर्ल आणि धाकटा वोल्फगांग.

वोल्फगांग पाचव्या वर्षीच छोट्या रचना करू लागला. वडिलांनी दोन्ही मुलांना घेऊन युरोपभर दौरे केले. १७७० साली पवित्र सप्ताहात ते रोमला पोहोचले. सिस्टाईन चॅपेलमध्ये आल्लेग्री या संगीतकाराचे पश्चात्तापाचे स्तोत्र गायिले जात असे. ते ऐकून चौदा वर्षांच्या या मुलाने निवासस्थानी परतल्यावर सारे आठवणीने लिहून काढले. त्याच वर्षी पोप चौदावे क्लेमेंट यांनी त्याला ‘ऑर्डर ऑफ द गोल्डन स्पर’ हा सरदारकीचा मान दिला.

लहानपणी मिळालेले कौतुक मोठेपणी टिकले नाही. साल्झबर्गचे आर्चबिशप कोलोरेडो यांच्या पदरी ते नोकरीला होते. १७८१ साली आर्चबिशप व्हिएन्नाला गेले, तेव्हा मोझार्ट यांनाही तेथे बोलावून घेतले. तेथे त्यांना आचारी आणि खिदमतगारांच्या पंगतीत जेवायला बसवले जाई. आपल्याकडेही वरातभर घाम गाळून वाजवणाऱ्या बँडवाल्यांची पंगत बहुधा शेवटी बसते. हा अपमान मोझार्ट यांच्या मनाला लागला. वाद वाढला, त्यांनी नोकरी सोडली आणि आर्चबिशपांच्या एका अधिकाऱ्याने त्यांना अक्षरशः लाथ मारून बाहेर काढले. तरीही त्यांनी देवावर राग धरला नाही. १७८२ साली व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथेड्रलमध्ये कॉन्स्टान्झ वेबर हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

नोकरी सोडण्याच्या आदल्या वर्षी, १७८० साली, त्यांनी सायंप्रार्थनेसाठी काही स्तोत्रांना संगीत दिले होते. त्यात परमेश्वराची स्तुती करा असे सर्व राष्ट्रांना सांगणारे स्तोत्र ११७ आहे. त्याची चाल एकट्या गायिकेसाठी आहे. ती संथ झोक्यासारखी चालते. मागून गायकवृंद हळूच येऊन मिळतो.

या रचनेत क्लॅरिनेट मात्र नाही. साल्झबर्गच्या वाद्यवृंदात ते वाद्यच नव्हते. क्लॅरिनेट तेव्हा अगदी नवे होते. जर्मनीतील न्यूरेम्बर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते घडवले. १७७७-७८ च्या हिवाळ्यात मोझार्ट मानहाइम शहरात राहिले आणि तेथील उत्तम वाद्यवृंदात क्लॅरिनेटचा आवाज त्यांच्या मनात भरला. पुढच्याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. परतीच्या वाटेवर पुन्हा मानहाइमला आले असता त्यांनी वडिलांना पत्र लिहिले आणि आपल्याकडे क्लॅरिनेट असते तर किती बरे झाले असते, अशी हळहळ त्यात व्यक्त केली.

व्हिएन्नात त्यांना आंटोन श्टाडलर हा क्लॅरिनेटवादक मित्र भेटला. श्टाडलर खालच्या सप्तकातले स्वर फार गोड वाजवीत असे. मोझार्ट यांनी त्याचा गळा ओळखावा तसे त्याचे वाद्य ओळखले आणि त्यालाच शोभेल असे लिहिले. १७८९ साली क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये यांचे पंचक तयार झाले, तर १७९१ च्या शरद ऋतूत क्लॅरिनेट आणि वाद्यवृंद यांची कॉन्चेर्टो ही मोठी रचना. श्टाडलर व्यवहाराला मात्र कच्चा होता. मोझार्ट वारले तेव्हा त्याच्याकडून ५०० गुल्डन येणे बाकी असल्याची नोंद सापडते. स्वतः कर्जात असलेल्या माणसाने मित्राला पैसेही दिले आणि संगीतही.

मोझार्ट यांची एक चाल आपल्यापैकी अनेकांनी नकळत ऐकली आहे. १७८८ साली लिहिलेल्या त्यांच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून सलील चौधरी यांनी १९६१ च्या ‘छाया’ या हिंदी चित्रपटातील लता मंगेशकर व तलत महमूद यांचे युगुलगीत बांधले. याच सिंफनीत मोझार्ट यांनी नंतर फेरफार करून मुद्दाम क्लॅरिनेट घातले होते.

१७९१ हे त्यांचे शेवटचे वर्ष. सहा मुलांपैकी चार अगोदरच दगावली होती किंवा जन्मताच गेली, असे दुःख त्या घराने पाहिले. पत्नी पुन्हा गरोदर होती आणि प्रकृतीसाठी व्हिएन्नाजवळील बाडेन या लहान गावी राहिली होती. तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख आंटोन श्टोल हे त्यांचे स्नेही. पत्नीसाठी जागा पाहण्याचे कामही त्यांनीच केले. ख्रिस्तशरीराचा सण जवळ आला होता. मोझार्ट यांनी १७ जून रोजी श्टोल यांच्यासाठी ‘आवे वेरुम कॉर्पुस’ हे परमप्रसादाचे प्राचीन लॅटिन गीत स्वरबद्ध केले. स्वरलिपीत जेमतेम ४६ बार, गायला तीन मिनिटे. आवाज दबता ठेवावा एवढीच सूचना सुरुवातीला आहे. राजदरबारात वाहवा मिळवलेल्या माणसाने गावातल्या साध्या गायकांना जमेल असे लिहिले आणि तेच आज जगभरच्या चर्चमध्ये गायिले जाते.

जुलैमध्ये मुलगा झाला. त्याच सुमारास मृतांसाठीच्या मिस्साचे संगीत लिहिण्याचे काम आले. ते अपुरे ठेवून ५ डिसेंबर १७९१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मोझार्ट यांनी देह ठेवला. त्या काळच्या रीतीप्रमाणे शहराबाहेरच्या दफनभूमीत त्यांना साध्या कबरीत पुरले. कबरीची नेमकी जागा आज कोणालाही दाखवता येत नाही.

मोझार्ट संत नव्हते. हातात पैसा टिकत नसे, बोलणे फटकळ होते. पण समोरच्याला काय जमेल हे पाहून त्याला जमेल तेच सर्वांत सुंदर करून देणे, ही त्यांची देणगी होती. आपल्या गायकवृंदातील तरुणांना त्याचा थेट उपयोग आहे.

बँडमधले क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅट पट्टीचे असते. ते वाजवताना स्वर कीबोर्डपेक्षा एक पूर्ण स्वर वर धरावे लागतात. स्तोत्र ११७ मूळ एफ पट्टीत आहे, म्हणजे क्लॅरिनेटवर जी पट्टी, एकच शार्प. सुरुवात येथून करावी. ‘आवे वेरुम’ मूळ डी पट्टीत आहे. ते तसेच घेतले तर क्लॅरिनेटला चार शार्प येतात आणि बोटे अडखळतात. कीबोर्डचे ट्रान्सपोजचे बटण अर्धा स्वर वर करा, की क्लॅरिनेटवर एफ ही सोपी पट्टी मिळते. कॉन्चेर्टोचा मधला संथ भाग ए पट्टीच्या क्लॅरिनेटसाठी आहे. त्याची स्वरलिपी जशीच्या तशी वाचावी आणि साथीचा कीबोर्ड पुन्हा अर्धा स्वर वर ठेवावा. सगळा भाग घेण्याची गरज नाही. पहिले आठ बार क्लॅरिनेट गाते, पुढचे आठ वाद्यवृंद तीच चाल पुन्हा घेतो. ते आठ बार महिनाभर वाजवले तरी चालेल. या रचनांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. जुन्या स्वरलिपी इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

या चालींत वेग नाही, पण श्वास लागतो. एक ओळ एका दमात नेणे, खालच्या स्वरावरून वरच्या सप्तकात जाताना आवाज फुटू न देणे, हीच खरी परीक्षा. आधी ओळ तोंडाने गावी, मगच वाद्य ओठाला लावावे.

उपासनेत वाजवायचे असेल तर फादरांना आधी विचारावे. प्रायश्चित्तकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची असतात, हेही ध्यानात ठेवावे. इतर वेळी परमप्रसादानंतरच्या शांततेत ‘आवे वेरुम’ची चाल हळू आवाजात वाजवली, तर ती प्रार्थनाच होईल.

वरातीत वाजणाऱ्या क्लॅरिनेटला आणि ते वाजवणाऱ्या हातांना वेदीजवळही मानाची जागा आहे. आपल्या घरात कोणी हे वाद्य शिकत असेल, तर त्याला येत्या ख्रिस्तशरीराच्या सणाची तयारी आजपासूनच करायला सांगा. ४६ बारांसाठी तेवढा वेळ पुरेसा आहे.