देव न मानणाऱ्याचे इमान

बेंबळीत दुपारी दोनच्या सुमाराला एखादा रोजेदार गवंडी काम थांबवतो, हौदावर जातो आणि तोंडावर पाणी मारतो. पाणी ओठांना लागते. घसा कोरडा पडलेला असतो, आसपास कोणी नसते. एक घोट गिळला तर कोणाला कळणार? तरीही तो चूळ भरतो, थुंकतो आणि पुन्हा कामाला लागतो. नमाज लोकांना दिसते. जकात घेणाऱ्याला ती कोणी दिली हे कळते. हजला निघालेल्याला तर सारा गाव निरोप द्यायला जमतो. रोजा मात्र खरा की खोटा, हे रोजेदार आणि अल्लाह या दोघांनाच ठाऊक असते. म्हणून या इबादतीला इतका मान आहे.

उर्दूत ईमान म्हणजे श्रद्धा. अल्लाहवर, त्याच्या पैगंबरांवर, कयामतच्या दिवसावर असलेला विश्वास. हाच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ थोडा सरकला. आपल्याकडे शेतकरी म्हणतो, सालगडी इमानाने राबला. व्यापारी म्हणतो, माणूस इमानदार आहे, उधार द्यायला हरकत नाही. इथे तो माणूस कोणत्या देवाला मानतो, हा प्रश्नच येत नाही. शब्द एकच, पण उर्दूत तो आधी श्रद्धा सांगतो आणि मराठीत आधी सचोटी. मग श्रद्धेचे ईमान नसलेल्या माणसाकडे सचोटीचे इमान असू शकते का? कोणी पाहत नाही असेच ज्याला वाटते, तो हौदावर एकटा असताना काय करील?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी महाराष्ट्रातच एक माणूस हे उत्तर जगून गेला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. शिक्षण कऱ्हाडला सुरू झाले आणि पैशाअभावी पुन्हा पुन्हा थांबले. कधी कचेरीत कारकुनी करावी लागली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम. इंग्रजी शिकण्यासाठी ते पायी रत्नागिरीला गेले, पण तिथे निभाव लागला नाही आणि परतावे लागले. शेवटी वऱ्हाडात अकोल्याला नातेवाइकांकडे राहून १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. अंगावरचा एकच सदरा रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे, ही त्या दिवसांतली आठवण महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते.

अशा मुलाने एम.ए. झाल्यावर काय करावे अशी घरच्यांची अपेक्षा असेल? त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळत असे. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून कळवले की मुलाला मोठ्या पगाराची जागा मिळेल हे स्वप्न तिने पाहू नये. पोटापुरते मिळाले की तो समाधान मानील आणि उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवील. दारिद्र्यात वाढलेल्या मुलाने दारिद्र्यातच राहिलेल्या आईला हे लिहिणे किती अवघड असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी पहिल्यांदा पदवी आली त्यांना लगेच येईल.

आगरकर बोलले तसे वागले. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. आगरकर तुटपुंज्या पगारावर त्या शाळेत दाखल झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांच्या छळाबद्दल लिहिल्यामुळे दिवाण बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांवर भरवसा ठेवला होता ती बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले, त्यातही आगरकरांचा वाटा होता.

हे सर्व करणारा माणूस देव मानत नव्हता. नेमके सांगायचे तर तो अज्ञेयवादी होता. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते माणसाच्या बुद्धीला कळलेले नाही, आणि न कळलेल्या गोष्टीच्या नावाने हुकूम सोडण्याचा अधिकार कोणालाच नाही, अशी त्यांची भूमिका होती. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पण प्रश्न त्यांचे स्वतःचे होते, पुण्याच्या वाड्यांत दिसणारे. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होते, नवरा मरतो, आणि नहाव्याला बोलावून तिचे केस उतरवले जातात. हे करणारे लोक दुष्ट नव्हते. ते देवभोळे होते, पापाला भिणारे होते, आणि पापाच्या भीतीपोटीच हे करत होते. केवळ देवाची भीती माणसाला चांगले बनवत असती, तर त्या पोरीच्या डोक्यावर वस्तरा कसा फिरला असता? आगरकरांच्या विचाराचे मूळ या प्रश्नात आहे.

खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, दुबळ्याला छळू नये, हे नियम माणसे एकत्र राहू लागली तेव्हा अनुभवातून तयार झाले, असे ते मानत. त्यांचा पाया माणसाचे सुखदुःख हाच आहे. नरकाच्या धाकाने किंवा स्वर्गाच्या लोभाने केलेल्या सत्कृत्याला ते फार मोल देत नसत. कारण धाक गेला की ते कृत्यही जाते.

हा विचार ऐकून श्रद्धावान माणूस दचकतो. पण इस्लामच्या परंपरेतही त्याच्याजवळ जाणाऱ्या वाटा आहेत. आठव्या शतकात बसरा शहरात राबिया नावाची संत होऊन गेली. तिची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली. तिला जन्नत जाळायची होती आणि दोजख विझवायची होती, म्हणजे लोक लोभ आणि भीती सोडून केवळ अल्लाहसाठी अल्लाहची भक्ती करतील. आगरकरांना राबियाचा अल्लाह मान्य झाला नसता आणि राबियाला आगरकरांचा संशय पटला नसता. पण चांगुलपणाचा सौदा करू नये, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले असते.

दुसरे उदाहरण खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या तारुण्यातले. त्यांना चाळिसाव्या वर्षी, रमजानच्याच महिन्यात पहिली वही, म्हणजे ईश्वरी संदेश आला. त्याच्या कित्येक वर्षे आधी मक्केत येमेनच्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन त्याचे पैसे बुडवले गेले. परक्या गावात त्याची दाद कोणी घेईना. तेव्हा काही घराणी एकत्र आली आणि अन्याय झालेल्याच्या बाजूने उभे राहण्याची त्यांनी शपथ घेतली. इतिहासात हा करार ‘हिल्फ-उल-फुजूल’ म्हणून ओळखला जातो. तरुण मुहम्मद (स.) त्या बैठकीला हजर होते. करार करणाऱ्यांपाशी तेव्हा कुरआन नव्हता, तरीही न्याय काय आहे ते त्यांना कळले होते. पैगंबरी मिळाल्यावरही त्या कराराची आठवण पैगंबरांनी आदराने काढली आणि तशी हाक आजही आली तर आपण जाऊ, अशी ग्वाही दिली. धर्माआधीचा चांगुलपणाही चांगुलपणाच, याची याहून मोठी पावती कोणती?

पुण्यात मात्र आगरकरांच्या वाट्याला पावती आली नाही. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढले आणि १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. बालविवाह, केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, अस्पृश्यता या विषयांवर दर आठवड्याला लिहायचे आणि शिव्या खायच्या, असा क्रम सुरू झाला. विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आपलीच तिरडी दारावरून जाताना पाहणाऱ्या या माणसाने ‘सुधारक’ काढणे थांबवले नाही, पण विरोधकांच्या घरच्या देव्हाऱ्यांवर सूड उगवण्याची भाषा केली नाही.

टिळक आणि आगरकर ही जोडी या प्रश्नासाठी विशेष विचार करण्याजोगी आहे. एक धर्माभिमानी, गीतेवर पुढे ग्रंथ लिहिणारा. दुसरा देवाविषयी अज्ञेयवादी. दोघांनीही मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून एकाच शाळेत शिकवले, एकाच तुरुंगात दिवस काढले. पुढे शाळेतल्या पगाराच्या नियमांवरूनही त्यांच्यात वाद झाले, आणि तिथे त्यागाचा कडक आग्रह टिळकांचा होता. म्हणजे धर्म मानणारा लोभी आणि न मानणारा त्यागी, किंवा याच्या उलट, असा सोपा हिशेब इथे जुळत नाही. त्यागाची प्रेरणा एकाला धर्मातून मिळाली, दुसऱ्याला माणसांच्या दुःखातून.

आगरकरांच्या इमानाची खरी परीक्षा घरात झाली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. सोवळे-ओवळे, पूजा, व्रते सारे पाळत. जगाला सुधारायला निघालेल्या माणसाने बायकोला आधी सुधारावे, असे टोमणे बाहेर मिळत असतीलच. आगरकरांनी त्यांच्या देवधर्मात हात घातला नाही. विचारस्वातंत्र्य हे तत्त्व असेल, तर ते घरातल्या बाईलाही लागू झाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. दुसरीकडे, त्यांनी पत्करलेल्या गरिबीची झळ यशोदाबाईंना आणि मुलांना बसली, हेही खरे आहे. तत्त्वाची किंमत नेहमी तत्त्व सांगणारा एकटाच मोजत नाही. आस्तिक असो वा नास्तिक, हा हिशेब कोणालाच चुकत नाही.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा मात्र तरुणपणापासून पाठीला लागला होता. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. त्यांच्यामागे एक लहानशी पुडी सापडल्याचे सांगतात. तिच्यात स्वतःच्या अंत्यसंस्कारापुरते पैसे बांधून ठेवले होते, म्हणजे आपल्या मरणाचा भार कोणावर पडू नये. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडण झाले त्या टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

मेल्यावर आपला हिशेब होईल असे न मानणाऱ्या माणसाने मरणाआधी इतका चोख हिशेब करून ठेवला. यावरून धर्माची गरजच नाही असे म्हणणे घाईचे होईल. कित्येकांना दारूपासून, लाचेपासून, रागापासून दूर ठेवणारा हात धर्माचाच असतो. रमजानमध्ये फितरा निघतो म्हणून कितीतरी गरीब घरांत ईद साजरी होते. काठी घेऊन चालणाऱ्याची काठी काढून घेणे हा शहाणपणा नव्हे, आणि आगरकरांनी घरात ती काढून घेतलीही नाही. पण काठीशिवाय सरळ चालणारा माणूस दिसला, तर तो वाकडाच चालतो असे म्हणणे हा खोटेपणा होईल. आखिरतचा निवाडा करणारा अल्लाह आहे. माणसाने माणसाला जोखायचे ते वागण्यावरून.

बेंबळीच्या बाजारात धान्य घेताना गिऱ्हाईक दुकानदाराचा धर्म पाहत नाही, काटा पाहतो. संध्याकाळी अजान होते, रोजेदार खजूर उचलतो आणि दिवसभर राखलेले ते न दिसणारे इमान पुरे होते. ईद आली की रोजे संपतात. काटा मात्र वर्षभर समोर असतो.