जमशेटजी आणि आगीची घंटा

जमशेटजी टाटा म्हटलं की डोळ्यांपुढे जमशेदपूरच्या भट्ट्या येतात, बंगलोरची विज्ञानसंस्था येते, अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल येतं. यातलं ताज सोडलं तर बाकीचं त्यांना बघायलाच मिळालं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे ते वारले तेव्हा पोलाद अजून कागदावर होतं आणि विज्ञानसंस्थाही. त्यांनी स्वतः उभी केली आणि सत्तावीस वर्षं चालवली ती नागपूरची एम्प्रेस मिल. त्या गिरणीच्या छतात त्यांनी एक वस्तू बसवून घेतली होती. तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र हा माणूस कळला तो त्या वस्तूमुळे.

जन्म नवसारीचा, ३ मार्च १८३९ चा. घराणं पारशी पुरोहितांचं, पण वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात पडलेले. जमशेटजी चौदाव्या वर्षी मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये वडिलांच्या पेढीत बसले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. पेढ्या बुडाल्या, टाटाही अडचणीत आले. तरुण जमशेटजी तेव्हा इंग्लंडात होते. ते धनकोंना तोंड चुकवून पळाले नाहीत. उलट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हिशेब मिटवण्याचं काम धनकोंनी त्यांच्यावरच सोपवलं. मी उभी हयात बँकेत कर्जदार पाहण्यात घालवली. असा कर्जदार किती दुर्मिळ असतो, ते मला ठाऊक आहे.

१८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांवर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढल्याच वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्याने विकली. मग लँकेशायर गाठून गिरण्यांचा धंदा मुळापासून पाहिला. १८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि जागा ठरली ती मुंबई नव्हे, नागपूर. कापूस तिथे पिकतो, कोळसा तिथून जवळ, मग गिरणी तिथेच का नको, हा साधा हिशेब. दलदलीची जमीन घेऊन ती भरून काढायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या एका सावकाराने हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय म्हणून भांडवल नाकारलं. पुढे त्यालाच शब्द मागे घ्यावा लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. कारभार पाहायला त्यांनी रेल्वेतले बेझनजी मेहता आणले. त्यांना कापसातलं काही कळत नव्हतं, पण माणसं आणि व्यवस्था सांभाळता येत होती.

नागपूरचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. कोरड्या हवेत सूत तटातटा तुटतं, म्हणून जमशेटजींनी हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवली. त्याच कोरड्या हवेत रुई पेटायलाही वेळ लागत नाही. गाठी सोडून रुई पिंजताना तिच्यात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी उडते. हवेत सतत उडणारी तूस तुळयांवर, पट्ट्यांवर, दिव्यांवर साचते. लाकडी तक्तपोशी असेल तर ती यंत्राच्या तेलाने मुरलेली असते. अशा ठिकाणी एक ठिणगी क्षणात या टोकाची त्या टोकाला जाते. ओरडणारा माणूस दारापर्यंत पोचायच्या आत.

यावर अमेरिकेत एक युक्ती निघाली होती. नागपूरची कंपनी निघाली त्याच सुमारास न्यू हेवनच्या हेन्री पार्मली नावाच्या पियानो कारखानदाराने आपल्या कारखान्यासाठी आपोआप उघडणारे पाण्याचे तुषार तयार केले. पुढच्या दशकात फ्रेडरिक ग्रिनेलने ते सुधारले आणि इंग्लंडात मॅंचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीने त्यांचे हक्क घेतले. पुणेकरांना हे नाव चिंचवडच्या पंपांच्या कारखान्यामुळे ओळखीचं आहे. जमशेटजींनी हे स्प्रिंकलर एम्प्रेस मिलमध्ये बसवले. हिंदुस्थानातले ते पहिले, असं टाटांच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

रचना बघा. छताखालून पाण्याने भरलेले नळ जातात. त्यांना ठरावीक अंतरावर तोंडं असतात आणि प्रत्येक तोंड लवकर वितळणाऱ्या डाखाने बंद केलेलं असतं. सत्तर अंशांच्या आसपास तापलं की डाख वितळतो आणि तेवढंच तोंड उघडतं. (सिनेमात एक काडी पेटवली की सगळ्या इमारतीत पाऊस पडतो. तसं होत नाही.) पण मला खरी गंमत वाटते ती मुळाशी असलेल्या झडपेची. पाणी वाहू लागलं की झडप उचलली जाते, थोडं पाणी बारीक नळीतून भिंतीबाहेरच्या एका छोट्या पाणचक्कीवर पडतं आणि चक्कीचा हातोडा घंटेवर टोले घालू लागतो. वीज नको, पहारेकरी नको. आग स्वतःच आपली वर्दी देते.

हे सगळं कामगारांच्या कळवळ्यापोटीच केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. विम्याचा हप्ता कमी होतो हे कुठल्याही गिरणीमालकाला समजत होतं. पण याच माणसाने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. कायद्याचा बडगा तेव्हा कुणाच्याच पाठीवर नव्हता. ज्या खर्चाचा उपयोग कधी होऊच नये अशी इच्छा असते, तो खर्च हौसेने करणारा मालक मी क्वचितच पाहिला.

मात्र पैसे एकदाच मोजून हे काम संपत नाही. घंटा दर आठवड्याला चाचणीचा नळ सोडून वाजवून पाहायची. टाकीत पाणी किती, मोठी तोटी पूर्ण उघडी आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. दुरुस्तीसाठी बंद केलेली तोटी उघडायची राहून गेली, की छतातले नळ नुसते शोभेचे. कापडगिरणीत तर तोंडावर तुसाचा थर बसतो, त्यामुळे डाख उशिरा तापतो. तो थर झाडायला शिडीवर माणूसच चढावा लागतो.

आमच्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं मांडवगण फराटा घ्या. उसाचा पट्टा. पाचट, कडब्याच्या गंजी, गुऱ्हाळाचं जळण. तिथे आगीची घंटा म्हणजे माणसाचा गळा. एकाने हाक दिली की वस्ती धावते. पण या भागातली पोरं आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, आणि तिथल्या बंद, वातानुकूलित इमारतीत रात्री हाक द्यायला कुणीच नसतं. माझ्या ओळखीचा तिकडचा एक तरुण आगीच्या यंत्रणा तपासायचं काम करतो. शिडीवर चढून धूर ओळखणाऱ्या डबीवर चाचणीचा फवारा मारायचा, खाली पॅनेलवर बरोबर त्याच जागेचा दिवा लागतो का ते जोडीदाराला विचारायचं. मग मुख्य वीज बंद करून बॅटरीवर हूटर वाजतो का ते पाहायचं. शेवटच्या मजल्यावर, दार लावून, तो ऐकू येतो का हेही. अशा शेकडो डब्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी टाकली. तो तरुण सांगतो, कागद मागणारे खूप भेटतात, शिडी धरणारे कमी. धुळीमुळे दोनदा खोटी वर्दी आली की तिसऱ्यांदा डबी साफ करण्याऐवजी हूटरच बंद करतात. नोकरीत असताना एका इमारतीत मी हूटरच्या तोंडात कोंबलेलं फडकं पाहिलं आहे. बँकेत चोरीच्या घंटेची चाचणी नोंदवहीत सहीनिशी लिहायची शिस्त होती. तिजोरीच्या घंटेला मिळणारा मान धुराच्या डबीला का मिळू नये, हे मला आजवर उमगलेलं नाही.

एम्प्रेस मिल पुढे १९८० च्या दशकात टाटांच्या हातून गेली, शासनाच्या महामंडळाने काही वर्षं चालवली आणि मग ती बंद पडली. तिच्या जमिनीच्या एका भागावर आता मॉल उभा आहे.

तुम्ही रविवारी मुलाबाळांना घेऊन कुठल्याही मॉलमध्ये गेलात तर क्षणभर वर बघा. आता डाखाऐवजी बहुधा लाल द्रवाची काचेची बारीक नळी असते, अडुसष्ट अंशांना फुटणारी. कधी कधी छताला रंग काढताना रंगारी तिच्यावरूनही कुंचला फिरवतो. रंगाने ती उशिरा तापते, कधी तोंड चिकटून बसतं. तो रंग खरवडून भागत नाही. ते तोंड काढून नवंच बसवावं लागतं.