करारात अडकलेला आवाज

१९५० च्या दशकात अमेरिकेतील कंट्री संगीतावर पुरुषांचे वर्चस्व होते. गायिकेला एखाद्या गायकाच्या कार्यक्रमात तोंडी लावण्यापुरतेच स्थान मिळे. ही चौकट मोडणाऱ्यांत पॅट्सी क्लाइन अग्रेसर होत्या.

८ सप्टेंबर १९३२ रोजी व्हर्जिनियातील विंचेस्टर येथे त्यांचा जन्म झाला. वडील घर सोडून गेले आणि पॅट्सी यांनी शाळा सोडून औषधांच्या दुकानात नोकरी धरली. आई शिवणकाम करी. लेकीचे रंगमंचावरील पोशाखही तिनेच शिवले.

‘फोर स्टार’ या कंपनीशी केलेला करार मात्र जाचक ठरला. कंपनीच्या मालकीचीच गाणी गाण्याची अट त्यात होती. १९५७ मध्ये ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ गाजले. पुढची तीन वर्षे सुमार गाण्यांत वाया गेली. दोष आवाजाचा नव्हताच! १९६० मध्ये करार संपला आणि १९६१ मध्ये ‘आय फॉल टू पीसेस’ कंट्री गीतांच्या यादीत अव्वल ठरले.

त्याच जूनमध्ये मोटार अपघातात त्या गंभीर जखमी झाल्या. ऑगस्टमध्ये त्या कुबड्या घेऊन विली नेल्सन यांच्या ‘क्रेझी’च्या ध्वनिमुद्रणास आल्या. बरगड्यांच्या वेदनांमुळे वरचे सूर लागेनात. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी वाद्यमेळ आधी मुद्रित केला. पॅट्सी यांचा आवाज काही दिवसांनी त्यावर चढला.

५ मार्च १९६३ रोजी कॅन्सस सिटीतील मदतनिधी कार्यक्रमाहून परतताना टेनेसीत विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३०. १९७३ मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ने त्यांचा समावेश केला. एकल गायिकेला हा मान प्रथमच मिळाला.