विश्लेषण : वाऱ्याची वीज बॅटरीत साठवणारे जेम्स ब्लाइथ कोण होते? आलापल्लीत तो प्रयोग जमेल का?

वादळी पावसात झाड तारांवर कोसळले की जंगलातली गावे अंधारात जातात. अशा वेळी आलापल्ली परिसरात घरीच छोटी पवनचक्की बसवावी, असे कुणालाही वाटेल. वाऱ्याच्या विजेवर घर उजळण्याचा प्रयोग स्कॉटलंडमधील प्रा. जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्येच केला होता.

ब्लाइथ कोण होते?

ब्लाइथ यांचा जन्म १८३९ मध्ये मेरीकर्क या खेड्यात झाला. वडील खानावळ चालवत आणि थोडी शेती करत. गावच्या शाळेतून शिष्यवृत्तीच्या बळावर ते एडिंबरापर्यंत पोहोचले. काही वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले. १८८० मध्ये ते ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गावाशी नाते मात्र सुटले नाही. मेरीकर्कमधील सुटीच्या घराच्या बागेतच त्यांनी जुलै १८८७ मध्ये पवनचक्की उभारली.

त्यांची पवनचक्की कशी होती?

सुमारे १० मीटर उंचीचा उभा दांडा, त्याला चार आडवे हात आणि हातांना कापडी शिडे, अशी तिची रचना होती. दांडा उभा असल्याने वारा कोणत्याही दिशेने आला तरी चक्कीचे तोंड वळवावे लागत नाही. डायनॅमोही जमिनीलगत बसवता येतो. तोटा असा, की परतणाऱ्या पात्याला वाऱ्याविरुद्ध जावे लागते आणि ऊर्जा वाया जाते. सोसाट्याच्या वाऱ्यात पहिल्या चक्कीला आवर घालणेही कठीण होते. म्हणून पुढे त्यांनी वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्यांच्या यंत्रासारखी, अर्धदंडगोलाकार पेट्यांची चक्की तयार केली. तिचा वेग आपोआप मर्यादित राहत असे.

वीज साठवली कशी?

वारा दिवे लावण्याची वेळ पाहून वाहत नाही, ही खरी अडचण होती. फ्रान्सच्या कामिल फोर यांनी सुधारलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. ब्लाइथ यांनी डायनॅमोची वीज त्यांत भरली. त्यामुळे वारा पडल्यावरही दिवे जळत राहिले. सुमारे २५ वर्षे या घराला वाऱ्याची वीज मिळाली. अशा व्यवस्थेत एक काळजी घ्यावी लागते. वारा मंदावला की बॅटरीतील वीज उलटी डायनॅमोत वाहू लागते. आज हे काम साधा डायोड रोखतो.

गावाने वीज का नाकारली?

उरलेल्या विजेवर गावचा मुख्य रस्ता उजळावा, असा प्रस्ताव ब्लाइथ यांनी मांडला. पण वीज ही सैतानाची करणी आहे, असे मानून गावकऱ्यांनी तो फेटाळला, असे सांगितले जाते. पुढे जवळच्या माँट्रोझ शहरातील मनोरुग्णालयासाठी त्यांच्या रचनेची मोठी चक्की बसवण्यात आली. १९०६ मध्ये ब्लाइथ यांचे निधन झाले. कोळशावरच्या विजेपुढे त्यांचा मार्ग ब्रिटनमध्ये मागे पडला.

आलापल्लीत हे जमेल का?

लोखंडी पिंप उभा चिरून दोन अर्ध्या भागांची चक्की गावच्या वेल्डिंगच्या दुकानातही करता येते. फिनलंडच्या सिगुर्ड साव्होनियस यांची ही रचना. प्रश्न वाऱ्याचा आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातील ऊर्जा एक अष्टमांश उरते. एक चौरस मीटरची अशी चक्की १५ टक्के कार्यक्षम धरली, तर सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात सुमारे १९ वॉट मिळतात. ३ मीटर वाऱ्यात जेमतेम अडीच. राज्यातील पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला आहेत, त्या याच कारणाने. सागाच्या दाट जंगलात झाडेच वारा अडवतात. चक्की झाडांच्या शेंड्यांहून बरीच उंच न्यावी लागेल आणि तेवढा मनोरा घरगुती राहत नाही.

मग ब्लाइथ यांच्याकडून काय घ्यावे? साठवणुकीचा विचार. बॅटरी, डायोड आणि कमी वॉटचे एलईडी दिवे ही व्यवस्था सौर पॅनेललाही तितकीच लागते. चक्कीवर खर्च करण्याआधी वर्षभर वाऱ्याचा वेग मोजावा. तो कमी भरला तर आलापल्लीत छपरावरचे पॅनेलच बरे.