स्थिर पवित्रा, शांत चित्त

कोलकात्याच्या उत्तर भागात हुगळी नदीच्या काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तेथील लोक या नदीला गंगाच मानतात. १ मे १८९७ रोजी या वस्तीतील बलराम बोस यांच्या घरी श्रीरामकृष्ण परमहंसांचे संन्यासी आणि गृहस्थ शिष्य एकत्र जमले. चौतीस वर्षांच्या एका संन्याशाने त्यांच्यासमोर लोकसेवेसाठी संघटना उभारण्याचा विचार मांडला. त्या दिवशी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. हा संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद.

विवेकानंदांचे नाव घेताच ओजस्वी वक्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु त्यांच्या जीवनाला आणखी एक बाजू होती. कोणतेही काम हाती घेताना शरीर कसे सज्ज ठेवावे आणि मन कसे शांत करावे, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. कुस्तीच्या आखाड्यापासून ध्यानाच्या आसनापर्यंत, एवढेच नव्हे तर अमेरिकेतील गोल्फच्या मैदानावरही, हा अभ्यास त्यांच्या उपयोगी पडला.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी उत्तर कोलकात्यातील सिमला या भागात झाला. त्यांचे मूळ नाव नरेंद्रनाथ दत्त. वडील विश्वनाथ दत्त वकिली करीत. आई भुवनेश्वरीदेवी धर्मनिष्ठ आणि करारी स्वभावाच्या होत्या. नरेंद्र लहानपणी अतिशय खोडकर होता. त्याला खेळाची व व्यायामाची फार आवड होती. अंबू गुहा यांच्या आखाड्यात तो कुस्ती शिकला. लाठी फिरवणे, पोहणे आणि नाव वल्हवणे यांतही तो तरबेज झाला. कुस्तीत पहिला धडा असतो तो पवित्र्याचा. पाय किती अंतरावर ठेवावेत, गुडघे किती वाकवावेत आणि शरीराचा तोल कसा सांभाळावा, हे आधी शिकावे लागते. पवित्रा चुकला तर अंगात बळ असूनही पैलवान चीत होतो. ही समज नरेंद्राला आखाड्यात मिळाली.

नवगोपाल मित्र यांच्या व्यायामशाळेतही नरेंद्र जात असे. तेथे एकदा मुले झोक्याचा जड सांगाडा उभारीत होती. त्यांची धडपड पाहून एक इंग्रज खलाशी मदतीला आला. सांगाडा उचलताना तो कोसळला आणि खलाशाला जबर मार लागून तो बेशुद्ध पडला. तो मेला असे समजून जमलेले बहुतेक लोक पळून गेले. नरेंद्र मात्र जागेवरून हलला नाही. त्याने आपले वस्त्र फाडून जखम बांधली, तोंडावर पाणी शिंपडले आणि वारा घातला. खलाशी शुद्धीवर आल्यावर त्याला सुरक्षित जागी नेऊन त्याच्यावर उपचार करवले. तो बरा होऊन निघाला, तेव्हा त्याच्यासाठी थोडी वर्गणीही गोळा करून दिली. संकटात घाबरून न जाता पुढचे काम कोणते हे पाहण्याची सवय त्याला अशी लहानपणीच लागली.

पुढे याहून कठीण प्रसंग आला. १८८४ मध्ये वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि सुखवस्तू कुटुंबावर कर्जाचा बोजा पडला. त्याच वर्षी नरेंद्रनाथ बी. ए. झाले; परंतु पदवी असूनही त्यांना नोकरी मिळेना. उपाशीपोटी, अनवाणी पायांनी ते कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत. याच काळात दक्षिणेश्वरच्या श्रीरामकृष्णांचा आधार त्यांना लाभला. श्रीरामकृष्ण बागबाजारला बलराम बोस यांच्याकडे वारंवार येत आणि तेथे भक्तांचा मेळा भरे. नरेंद्रनाथही त्या मेळ्यात असत. त्यांचा आवाज गोड होता आणि त्यांची भजने श्रीरामकृष्णांना फार प्रिय होती.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. त्यानंतर नरेंद्रनाथांनी संन्यास घेतला आणि ते भारतभ्रमणास निघाले. काशीत असताना एके दिवशी माकडांची टोळी त्यांच्या मागे लागली. ते पळू लागले, तशी माकडेही अधिकच चवताळून धावू लागली. तेवढ्यात एका वृद्ध संन्याशाने त्यांना थांबून माकडांना सामोरे जाण्यास सांगितले. ते वळून निश्चलपणे उभे राहिले, तेव्हा माकडे मागे हटली. भयाकडे पाठ न फिरवता पाय रोवून त्याच्यासमोर उभे राहावे, हा धडा त्यांनी पुढे आपल्या व्याख्यानांतूनही सांगितला.

या भ्रमणात १८९२ मध्ये ते महाराष्ट्रात आले. मुंबईहून पुण्याला जाताना आगगाडीत त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली. पुण्यात ते काही दिवस टिळकांच्याच घरी उतरले. अंगावरची वस्त्रे, मृगाजिन आणि कमंडलू एवढाच त्यांचा संसार होता. पैसा जवळ नव्हता आणि आपले नावही ते सांगत नसत. तेथून कोल्हापूरमार्गे ते बेळगावला गेले. तेथे प्रथम भाटे नावाच्या एका महाराष्ट्रीय वकिलांकडे आणि नंतर वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे त्यांनी मुक्काम केला. एकदा बोलता बोलता त्यांनी चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाच्या एका कादंबरीतील दोनतीन पाने तोंडपाठ म्हणून दाखवली. ते पुस्तक त्यांनी केवळ दोनदा वाचले होते. हरिपदबाबूंना हा चमत्कारच वाटला. विवेकानंदांनी मात्र त्याचे श्रेय एकाग्रतेला आणि संयमी जीवनाला दिले.

मन शांत ठेवणे त्यांना नेहमीच सहज जमले, असे मात्र नाही. ११ सप्टेंबर १८९३ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे सर्वधर्मपरिषद सुरू झाली. सभागृहात हजारो श्रोते बसले होते. इतर वक्ते तयार भाषणे घेऊन आले होते. विवेकानंदांनी काहीच लिहून आणले नव्हते. त्यांचे हृदय धडधडू लागले आणि घशाला कोरड पडली. बोलण्यासाठी नाव पुकारले गेले तरी ते आपली पाळी पुढे ढकलत राहिले. अखेर दुपारी ते उठले. सरस्वतीचे स्मरण करून त्यांनी श्रोत्यांना अमेरिकेतील बंधुभगिनी म्हणून संबोधले, आणि सारी सभा टाळ्यांच्या कडकडाटाने दुमदुमून गेली. थोर पुरुषालाही भीती वाटते. त्या भीतीसह तो कामाला उभा राहतो, हे या प्रसंगातून दिसून येते.

पुढे अमेरिकेत त्यांनी योगाचे वर्ग घेतले. त्या व्याख्यानांवर आधारलेले राजयोग हे पुस्तक १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी साधकाला अगदी साध्या गोष्टीपासून आरंभ करावयास सांगितले आहे. प्रथम आसन स्थिर हवे. छाती, मान आणि डोके सरळ रेषेत ठेवावे. मात्र बैठक अशी असावी की दीर्घकाळ सुखाने बसता येईल. त्यानंतर श्वासाला नियमित लय द्यावी. मनाची गोष्ट शेवटी येते. मन हे माकडासारखे चंचल असते. त्याला एकदम जखडू पाहिले तर ते अधिकच उसळते. म्हणून प्रारंभी त्याला हवे तिकडे धावू द्यावे आणि आपण केवळ साक्षी होऊन पाहत राहावे. असे रोज केल्यास त्याची धाव हळूहळू मंदावते. शांतता बळजबरीने येत नाही, तर योग्य तयारी आणि नित्याचा सराव यांनी येते, असा या उपदेशाचा सारांश आहे.

१८९७ मध्ये स्वामीजी मायदेशी परतले. वाटेत मद्रास येथील तरुणांना त्यांनी शरीरबळाचे महत्त्व पटवून दिले. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, अशा आशयाचे त्यांचे विधान अनेकांना धक्का देणारे वाटले. त्यांचा हेतू गीतेला कमी लेखण्याचा नव्हता. शरीर दुबळे आणि मन भित्रे असेल तर गीतेचा अर्थही हाती लागणार नाही, असे त्यांना सांगायचे होते.

त्यानंतर बागबाजार हे त्यांच्या कार्याचे एक महत्त्वाचे केंद्र झाले. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांच्या शिष्या भगिनी निवेदिता यांची मुलींची शाळा बागबाजारमधील बोसपाडा गल्लीत सुरू झाली. श्रीरामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १८९९ मध्ये कोलकात्यात प्लेगने थैमान घातले. लोक भयाने शहर सोडून जाऊ लागले. अशा वेळी स्वामीजींच्या प्रेरणेने निवेदिता आणि स्वामी सदानंद यांनी गल्ल्या व वस्त्या स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. परदेशी स्त्री स्वतः झाडू घेऊन गल्ली झाडते आहे, हे पाहून बागबाजारमधील तरुणही पुढे आले. आखाड्यात आणि आसनावर कमावलेल्या निर्भयतेचा खरा उपयोग कशासाठी करायचा, हे या कामाने दाखवून दिले.

या श्रमांनी स्वामीजींची प्रकृती ढासळली. मधुमेह आणि दमा यांनी त्यांना ग्रासले होते. जून १८९९ मध्ये ते पुन्हा पाश्चात्त्य देशांत गेले. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत न्यूयॉर्क राज्यातील रिजली मॅनर या निवासस्थानी त्यांनी विश्रांती घेतली. हे घर फ्रान्सिस लेगेट या धनिक व्यापाऱ्याचे होते. यापूर्वी १८९५ मध्येही स्वामीजी तेथे राहिले होते. त्या घराच्या आवारात गोल्फचे मैदान होते.

गोल्फ हा खेळ भारताला अपरिचित नव्हता. कोलकात्यात १८२९ मध्येच गोल्फचा क्लब निघाला होता. ब्रिटनबाहेरील हा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. परंतु त्या काळी हा खेळ प्रामुख्याने युरोपियन लोकांपुरता मर्यादित होता. या खेळात लहान, कठीण चेंडू लांब काठीने टोलवून दूरच्या खळग्यात घालायचा असतो. खळगा दुरून दिसावा म्हणून तेथे निशाण रोवतात. जो कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात घालतो, तो जिंकतो.

रिजलीतील मुक्कामाची एक आठवण सांगितली जाते. स्वामीजी एकदा लेगेट यांचा सावत्र मुलगा हॉलिस्टर याच्याबरोबर मैदानावर फिरत होते. दूरवरचे निशाण पाहून त्यांनी चौकशी केली. हॉलिस्टरने खेळाची माहिती दिली. तेव्हा आपण एकाच टोल्यात चेंडू त्या खळग्यात घालू, असे स्वामीजी म्हणाले. मुलाने अर्ध्या डॉलरची पैज लावली. तेवढ्यात लेगेट तेथे आले आणि त्यांनी दहा डॉलरची पैज मारली. स्वामीजींनी निशाणाकडे नीट पाहिले, काठी फिरवली आणि चेंडू थेट खळग्यात गेला. यात योगसामर्थ्य आहे काय, असे लेगेट यांनी विचारले. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी आपण योग वापरीत नाही, असे त्यांनी उत्तर दिले. नजरेने अंतराचा अंदाज घेतला, दंडांतील बळ ठाऊक होते आणि साडेदहा डॉलर मिळणार असे मनाला बजावले, एवढेच कारण त्यांनी हसत हसत सांगितले.

या उत्तरात विनोद आहे, तसाच बोधही आहे. गोल्फ शिकणाऱ्याला आरंभी हेच शिकवतात. पाय साधारणपणे खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावेत, गुडघे किंचित वाकवावेत आणि दोन्ही पायांवर भार तोलून उभे राहावे. काठी सुटणार नाही इतपत घट्ट धरावी. परंतु मूठ आवळली की मनगट व खांदे ताठरतात आणि टोला चुकतो. नेम आधी धरावा आणि टोला मारताना नजर चेंडूवर ठेवावी. केवळ हातांनी जोर न लावता सारे धड लयीत फिरवावे. चेंडू कोठे जाईल या धास्तीने मान आधीच वर उचलली तर मेहनत वाया जाते. कुस्तीचा पवित्रा, ध्यानाचे आसन आणि गोल्फची उभे राहण्याची रीत या तिन्हींत शरीर तोलून, पण सैल ठेवावे लागते. एका टोल्यातील यश रोज मिळत नाही, याचीही स्वामीजींना जाणीव होती. हा खेळ आपल्याला अवघड वाटत नाही, मात्र त्याला चांगला सराव हवा, असे त्यांनी एका पत्रात कळवले आहे.

डिसेंबर १९०० मध्ये ते कोलकात्याजवळच्या बेलूर मठात परतले. १९०१ च्या अखेरीस काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कोलकात्यास आलेल्या लोकमान्य टिळकांनी तेथे त्यांची भेट घेतली. स्वामीजींची प्रकृती खालावत होती, तरी अध्ययन व अध्यापन थांबले नाही. ४ जुलै १९०२ या दिवशी त्यांनी सकाळी दीर्घकाळ ध्यान केले. दुपारी मठातील ब्रह्मचाऱ्यांना सुमारे तीन तास संस्कृत व्याकरण शिकवले आणि सायंकाळी ते फिरून आले. त्याच रात्री, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देहत्याग केला.

विवेकानंदांनी आपल्या यशाला कधी चमत्काराचे नाव दिले नाही. पाठांतर असो वा गोल्फचा टोला, त्यामागील साधे कारण त्यांनी उघड करून सांगितले. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ वंदनीय नसून अनुकरणीयही आहे. अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्याला किंवा नवे कौशल्य शिकू पाहणाऱ्याला प्रारंभी हात कापल्यासारखे वाटते, आपल्याला हे जमणार नाही अशी शंका येते. अशा वेळी घाई न करता स्थिर बसावे, हातातल्या कामाकडे नीट पाहावे, निकालाची चिंता थोडी दूर ठेवावी आणि सराव चालू ठेवावा. शिकागोच्या सभागृहात घशाला कोरड पडलेला तो तरुण संन्यासीही असाच उठून उभा राहिला होता.