डी. एल. मूडी व मुलींचा वर्ग

ड्वाइट लायमन मूडी यांचा जन्म अमेरिकेतील नॉर्थफील्ड या खेड्यात ५ फेब्रुवारी १८३७ रोजी झाला. ते चार वर्षांचे असता बाप वारला व नऊ लेकरांचा भार विधवा आईवर पडला. शिक्षण बेताचेच. सतराव्या वर्षी ते बॉस्टन शहरी मामांच्या जोड्यांच्या दुकानात राहिले. उपासनेस नियमाने जावे, ही मामांची अट. तेथील शब्बाथ शाळेचे शिक्षक किंबल हे २१ एप्रिल १८५५ रोजी दुकानातच आले व त्यांनी या तरुणास ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी सांगितले. त्याच दिवशी मूडी प्रभूचे झाले. तरी मंडळीने त्यांस लगेच सभासद करून घेतले नाही. ख्रिस्ताने आपणासाठी काय केले, हे त्यांस धड सांगता येईना!

पुढे शिकागो शहरी व्यापार करीत असता त्यांनी गल्ल्यांतील उनाड पोरांकरिता शब्बाथ शाळा काढली. खिशात खाऊ ठेवून ते मुले गोळा करीत. शेकडो मुले जमू लागली. खाऊ देण्यात पाप नाही. पण खाऊसाठी आलेले मूल खाऊ संपताच उठते, हे आपल्या खेड्यांतील शिक्षकांस कोणी सांगावयास नको. मूडींची दृष्टी तेव्हा संख्येवर असे. हजेरी भरली की त्यांचे समाधान होई.

१८६० साली त्यांच्या शाळेतील एका शिक्षकाच्या फुप्फुसातून रक्त पडू लागले. वैद्याने आशा सोडली. त्याच्याकडे थट्टेखोर मुलींचा वर्ग होता. एकदा मूडींनी तो घेतला, तेव्हा मुली त्यांच्या तोंडावर हसल्या होत्या. या शिक्षकास मरणाचे भय नव्हते. आपली एकही मुलगी ख्रिस्ताकडे आली नाही, आता देवास काय तोंड दाखवू, याच चिंतेने तो खचला होता. मूडींनी गाडी आणली, त्यास हात धरून बसविले व दोघे घरोघर गेले. शिक्षकाने प्रत्येकीस नाव घेऊन तारणाऱ्याविषयी सांगितले व तिच्याबरोबर प्रार्थना केली. सुमारे दहा दिवसांत वर्गातील एकूण एक मुलगी प्रभूकडे वळली.

निघण्याच्या आदल्या रात्री सर्व मुली जमल्या. प्रार्थना संपून उठावे, तोच एका मुलीने आपल्या शिक्षकासाठी प्रार्थना आरंभिली. मग दुसरीने, मग सर्वांनी. धनवान व्यापारी होण्याची मूडींची उमेद त्या रात्री मावळली. त्यांनी धंदा सोडला, व २२ डिसेंबर १८९९ रोजी मरण येईपर्यंत ते सुवार्तेच्याच कामी राहिले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते स्टेशनावर निरोप देण्यास गेले, तो कोणी न बोलाविता एकेक करून सर्व मुली तेथे आल्या होत्या. त्यांनी गीत गाण्याचा यत्न केला, पण कंठ दाटून आले. आगगाडी हलली. शिक्षक डब्याच्या मागील बाजूस उभा राहून वर आकाशाकडे बोट दाखवीत दिसेनासा झाला.